दार लावून घेतलेला पंप

आमच्याकडे दमा हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. माहेरी मला ‘अ‍ॅलर्जी’ होती. थंडीत ‘जरा छाती भरायची’, पावसाळ्यात ‘कफाची प्रकृती’ व्हायची. लग्न ठरलं तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात ओढून हळू आवाजात बजावलं, “पंपाचं सासरी बोलायचं नाही. एकदा तिथे रुळलीस की मग बघू.” मी रुळले. नेरूळमध्ये संसार थाटला, नोकरी केली, मुलगी झाली. बावीस वर्षं झाली, पण ते ‘मग बघू’ काही उजाडलं नाही.

पंप मी सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवायची. त्या पाकिटाला घरातलं कुणी हात लावणार नाही याची शंभर टक्के गॅरंटी. छाती आवळायला लागली की पाकीट घेऊन बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची, नळ फुल्ल सोडायचा, म्हणजे पंपाचा फुस्स आवाज बाहेर जात नाही. मग एकापाठोपाठ एक दोनदा दाबायचा, चूळ भरायची, तोंड पुसून बाहेर यायचं. अर्ध्या मिनिटात काम तमाम. सासूबाईंना कधी पत्ता लागला नाही, आणि या हुशारीचा मला, खरं सांगते, अभिमान होता. नवऱ्याला दुसऱ्याच महिन्यात कळलं. तो म्हणाला, “आईला कशाला सांगतेस? उगाच टेन्शन.” आमचा नवरा स्वभावाने गरीब, कुठल्याही भांडणातून अंग काढून घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

मुलगी सातवीत असताना तिच्या छातीतून पहिल्यांदा शिट्टी ऐकू आली. रात्रंदिवस जो आवाज मी स्वतःच्या छातीत ऐकला होता, तो आता पोरीच्या छातीत होता. फॅमिली डॉक्टरांनी पंप लिहून दिला. दवाखान्यातून घरी येता येता रिक्षातच मी तिला म्हटलं, “हे बघ, शाळेत कुणाला दाखवायचा नाही. मुली चिडवतात. घरीपण आजीसमोर नाही. बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा.” मुली चिडवतात ही निव्वळ सबब होती. माझ्या डोक्यात तिचं लग्न होतं. बारा वर्षांच्या पोरीचं लग्न! आज लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

पाच वर्षं तिने माझं अक्षरशः ऐकलं. बाकी कशात ऐकत नाही. खोली आवर म्हटलं तर ऐकत नाही, मोबाईल ठेव म्हटलं तर अजिबात नाही. हे मात्र ऐकलं.

ती बारावीला होती त्या वर्षी आमच्या बाजूची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. हिरवी जाळी लावून तोडकाम सुरू झालं आणि सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता यायला लागलं. आमच्या दोघींच्या छातीने संप पुकारला. मी पंप दिवसातून पाच-सहा वेळा घ्यायला लागले, तीही तेवढाच घेत असणार. आम्ही एकमेकींना विचारत नव्हतो. बाथरूमची कडी वाजली की समजायचं.

एका दुपारी ऑफिसात फोन आला. तिच्या कॉलेजातून. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तिला धाप लागली. पंप बॅगेतच होता. आमच्या बाईसाहेबांनी तो रुमालात गुंडाळला आणि ‘वॉशरूमला जाऊन येते’ म्हणून निघाल्या. त्या मजल्यावरच्या वॉशरूममध्ये मुलींची गर्दी होती, म्हणून जिना चढून वरच्या मजल्यावर गेली. भरलेल्या छातीने जिना! आत जाऊन कडी लावली आणि तिथेच खाली बसली. मैत्रिणीला शंका आली म्हणून ती मागून गेली, दार वाजवलं, आतून उत्तर नाही. शेवटी शिपायाने कडी तोडली. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा पोरीच्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क होता आणि ओठ काळेनिळे. कॉलेजच्या मॅडम मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, “वर्गातच का नाही घेतला हिने? आम्ही काय म्हणालो असतो?” माझ्याकडे उत्तर होतं.

चार दिवसांनी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाई साठीच्या, बोलायला फटकळ. माझ्यासारख्याच, त्यामुळे मला बसल्या बसल्या आवडल्या. त्यांनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, आकडा बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, “पंप घेतेस ना? मग कसा घेतेस ते मला करून दाखव.”

पोरगी उठली. इकडेतिकडे बघितलं. केबिनच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, तिथे गेली. आमच्याकडे पाठ केली, नळ सोडला, फुस्स फुस्स दोनदा पंप मारला, चूळ भरली आणि तोंड पुसून परत खुर्चीत येऊन बसली. नळ बंद करायला विसरली नाही.

 डॉक्टरबाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाल्या, “हे कुणी शिकवलं तुला?”

“आईने.”

त्या एका शब्दाने मला भरल्या केबिनमध्ये थोबाडीत मारल्यासारखं झालं. कारण मी जे बघितलं ते मीच होते, पाठमोरी, घाईत, चोरी केल्यासारखी.

“आता तुम्ही दाखवा,” डॉक्टरबाई मला म्हणाल्या. मी पंप काढला, हलवला नाही, धडाधड दोनदा दाबला. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो बाई, यातलं निम्मं औषध जिभेवर बसलं आणि उरलेलं तुम्ही चूळ भरून बेसिनमध्ये सोडता. फुफ्फुसाला काय पोचणार, कपाळ? बावीस वर्षांच्या वर घेताय म्हणता, त्यातली पाच-सहा तरी धड घेतलीत का?” मग त्यांनी दोघींना लहान मुलांसारखं शिकवलं. पंप हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. स्पेसर नावाची प्लास्टिकची नळकांडी असते, पंप तिला लावायचा, दाबायचा आणि हळूहळू श्वास आत ओढायचा. दहा आकडे होईपर्यंत रोखायचा. दुसऱ्यांदा घ्यायचा तर आधी थोडं थांबायचं. हा निळा पंप अडचणीच्या वेळेचा. त्याशिवाय रोजचा पंप वेगळा, तो सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. आम्ही दोघींनी तो रोजचा पंप कधी बघितलाच नव्हता, कारण केमिस्टकडे जाऊन ‘तो निळा द्या’ एवढंच मला माहीत.

निघताना डॉक्टरबाईंनी पोरीला वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं. “मी सांगून ती ऐकणार नाही. तुम्ही पाच वर्षं क्लास घेतलाय तिचा. पुढच्या वेळी कडी तोडायला कुणी असेलच असं नाही. आधी तुम्ही सगळ्यांसमोर घ्या. जमेल?”

“जमेल,” मी म्हटलं. जमेल की नाही याची मला बिलकुल खात्री नव्हती, पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

त्याच संध्याकाळी साडेसातला, सासूबाईंची सीरियल चालू असताना, मी हॉलमध्ये सोफ्यावर बसले आणि स्पेसर तोंडाला लावला. आवाज झाला. सासूबाईंनी मान वळवली. “हे काय नवीन खूळ?”

“नवीन नाही आई. लग्नाच्या आधीपासून आहे. मला दमा आहे.”

त्यांनी टीव्ही बंद केला. माझ्या लग्नानंतर जाहिरात नसताना सीरियल बंद झाल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. “म्हणजे तुमी आमाला फसवलंत?”

“हो, फसवलं,” मी म्हटलं. “चुकलंच. पण आता पोरीला त्यापायी मरू देणार नाही.”

पुढचे आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. स्पेसरला ‘ते डबडं’ म्हणायच्या. नवव्या दिवशी देवासमोरची उदबत्ती बाल्कनीत लावलेली दिसली. धूर सगळा बाहेर. नवऱ्याने मात्र लगेच विचारलं, “सगळं ठीक झालं ना?” म्हटलं, हो राजा, तू जेव.

एवढं करूनही पोरगी काही बाथरूम सोडेना. मी हॉलमधून हाक मारायची, “ये, दोघी मिळून घेऊ,” आणि आतून कडीचा आवाज यायचा. मी दाराशी जाऊन ओरडले, समजावलं, एकदा रडलेसुद्धा. ती शांतपणे म्हणाली, “तुझं लग्न झालंय आई. तुला काय फरक पडतो?” हे वाक्य तिला कुठून मिळालं हे मला माहीत होतं. सासूबाईंनी तिच्यादेखत एकदा म्हटलं होतं, “तू काय करायचं ते कर, पोरीचा तरी बोभाटा करू नको. तिचं अजून लग्न व्हायचंय.” पण सासूबाईंच्या आधी लपवायचं मीच पाच वर्षं शिकवलं होतं. बोलणार कुणाला?

महिन्याभराने धाकट्या दिरांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आली, करंजाड्याला. डॉक्टरबाईंनी धुरापासून लांब राहायला सांगितलेलं, म्हणून मी हिशेबाने उशिरा निघाले. होम आटपला की जेवणाला पोचायचं. पण करंजाड्यात त्या मुहूर्तावर ढिगाने वास्तुशांती. गुरुजी एका बिल्डिंगमधून सुटून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. आमच्याकडे ते बारा वाजता उगवले. आम्ही दारात पाऊल टाकलं आणि त्यांनी कुंडात तूप सोडलं.

हॉलमध्ये पन्नास माणसं, मधोमध होम, धूर छताला लागून खाली उतरत होता. मी रोजचा पंप सकाळीच घेतला होता, तोंडाला मास्क लावून थेट बाल्कनी गाठली. पोरीला जाऊबाईंनी पाणी द्यायला किचनमध्ये पाठवलं. पाच मिनिटांत मला तिचा खोकला ऐकू आला. त्या खोकल्यातला फरक मला कळतो. वळून बघितलं तर बाईसाहेब पर्स छातीशी धरून बाथरूमच्या दिशेने चालल्या होत्या. बाथरूमचं दार बंद, बाहेर आणखी दोन बायका उभ्या. पोरगी त्यांच्या मागे नंबर लावून उभी राहिली! खांदे वर चढलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि ही लाइनीत!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसांच्या मांड्या, पाय, साड्या तुडवत मी तिच्यापाशी गेले, हाताला धरून तिला बाल्कनीच्या दाराशी आणलं, खुर्चीत बसवलं. “पंप काढ. इथेच घे.”

तिने ‘नाही’ अशी मान हलवली. बोलायला श्वास नव्हता. डोळे त्या बंद दाराकडे. आता सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. गुरुजींचा पळीचा हात वरच्या वर थांबला. नवऱ्याला काही सुचलं नाही म्हणून त्याने उठून पंखा फुल्ल केला, आणि होमातली राख गुरुजींच्या सोवळ्यावर उडाली. सासूबाई लगबगीने आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “अगं, बेडरूममध्ये घेऊन जा तिला. लोक बघतायत.”

“बघू देत आई. इथेच.”

मी तिच्या पर्समधून पंप काढला, माझा स्पेसर जोडला, हलवला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. “माझ्याकडे बघ. चुकलं माझं. मी तुला चुकीचं शिकवलं, सगळ्यांसमोर सांगते. आता श्वास सोड.” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने श्वास सोडला. मी पंप दाबला आणि मोठ्याने आकडे मोजले, एक, दोन, तीन, अख्ख्या वास्तुशांतीला ऐकू जातील असे. मग पुन्हा. मग पुन्हा. चौथ्या वेळी तिने माझ्या हातातून स्पेसर काढून घेतला आणि स्वतः घेतला. वीस मिनिटांनी खांदे खाली आले. कुणीतरी विचारलं, “काय होतं गं हिला?” मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “दमा आहे मला.” आवाज बसलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

आम्ही जेवायला थांबलो नाही. खाली बिल्डिंगच्या गेटपाशी बाकावर बसलो, नवरा गाडी आणायला गेला होता. तिने पंप परत पर्समध्ये ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, कॉलेजमध्ये त्या दिवशी मला वाटलं मी मरतेय. पंप हातात होता. पण तिथला नळ बिघडलेला, पाणीच नव्हतं. वरही बाहेर मुली आल्या होत्या. आवाज जाईल म्हणून मी नाही दाबला.”

 पोरीच्या हातात औषध होतं, आणि तिने ते घेतलं नव्हतं. माझं ऐकून.

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, “मला माफ कर.” आईने पोरीला असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मलाही ते शब्द नीट आले नाहीत. तिने माझ्या पदराला नाक पुसलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, “उद्या फिजिक्सचं प्रॅक्टिकल आहे. पंप एप्रनच्या वरच्या खिशात ठेवते. दिसला तर दिसू दे.”