डोहाळजेवणाचा झोपाळा

काल सुनेचं डोहाळजेवण झालं. मुग्धा अंगानं जाड आहे. मूल हवं असं ठरल्यावर डॉक्टरांना विचारून ती आणि माझा मुलगा रोज एकत्र चालू लागले, ते अजून चालतात. पण फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यापाशी ती थबकली आणि माझ्या बायकोला, सुलभाला म्हणाली, "आई, तुटेल हो हा."

तसा मुलगा आपल्या धिप्पाड मामाला घेऊन आधी त्यावर बसला आणि दोघं जोरात झोके घेऊ लागले.

"उतरा आता. डोहाळे तुम्हाला लागलेत का?" सुलभा म्हणाली. मुग्धा हसत हसत बसली.

सुलभाही या मुलाच्या वेळी अशीच जाड होती. तिच्या डोहाळजेवणाला मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "हिला खुर्चीच बरी." लोक हसले. तीही हसली आणि खुर्चीवर बसली. त्या हसण्यावर मी इतकी वर्षं निर्धास्त राहिलो. आधी आपलं वजन टाकून दाखवणं, याला आधार म्हणतात, हे काल मुलाकडून शिकलो.

मी सुलभाजवळ गेलो. "तेव्हा माझं चुकलं."

"ठाऊक आहे मला," असं म्हणत ती सुनेला खेटून झोपाळ्यावर बसली. "आता बघत काय राहिलात? झोका द्या."