मेणाच्या तीन वड्या

बायकोची डावी छाती कापून काढली, तेव्हा संपाला आठेक वर्षं झाली होती. गिरणीने मला परत घेतलं नाही. लेखी हमी दिली असती तर घेतलं असतं, मी दिली नाही. परळला एका इमारतीवर वॉचमन म्हणून उभा राहायचो, आणि लालबागच्या आमच्या खोलीत ती पाच-सहा बाप्यांची खानावळ चालवायची. गाठ हाताला लागली तरी दोन महिने तिने तोंड उघडलं नाही. मला कळलं तेव्हा लिंबाएवढी होती.

ऑपरेशन दादरच्या एका लहान नर्सिंग होममध्ये झालं. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला सवाल, "काढलेला खंय टाकल्यानी?"

"तपासणीक गेला."

"आणि मगे?"

"मगे काय, टाकतीत खंयतरी."

"उकिरड्यार नको हां. कुत्र्यामांजरांनी ओढूक नको. माझा आंग आसा ता. पाण्यात सोडा. शब्द देवा माका."

मी शब्द दिला. आमच्यात ही रीतच आहे. गिरणीत एकाचं बोट पट्ट्यात गेलं, तेव्हा आम्ही ते फडक्यात गुंडाळून वरळीच्या समुद्रात सोडून आलो होतो.

दहा दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. कॅन्सरच होता. त्यांनी एक चिठ्ठी आणि एक पाकीट हातात दिलं. पाकिटात मेणाच्या तीन वड्या, साबणाच्या चिपेएवढ्या, आणि प्रत्येकीत नखाएवढा मांसाचा तुकडा. तिच्या काढलेल्यातलं एवढंच राखलेलं. "गिरगावात फणसवाडीजवळ लॅब आहे, तिथे नेऊन द्या. या पेशींवर हॉर्मोन बसायची जागा आहे का, ते बघायचंय. पुढचं औषध त्यावर ठरेल. समजलं का?"

मी मान हलवली. समजलं नव्हतं. पण समजलं नाही असं मी गिरणीत कुठल्या साहेबालाही कधी म्हटलं नव्हतं.

लॅब दुसऱ्या मजल्यावर होती. दारातूनच फळ्या दिसल्या. फळ्यांवर बाटल्या, बाटल्यांतून माणसांचे तुकडे, वर नंबर चिकटवलेले. धूळ बसलेली. काचेमागच्या बाईने हात पुढे केला. "काय आणलंत, काका?"

"काय नाय. पत्ता चुकलो," म्हणालो आणि जिना उतरलो.

तसाच चौपाटीवर गेलो. भरतीची वेळ होती. हात जोडून वड्या सोडल्या, तर मेण ते, बुडेना. लाट त्यांना परत माझ्या पायाशी आणून टाकी. शेवटी वड्या आणि एक दगड रुमालात घालून गाठ मारली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन फेकला. घरी येऊन तिला सांगितलं, "सोडलंय." त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

डॉक्टरांना सांगितलं, पाकीट बसमध्ये राहिलं.

"अहो, दुसरा तुकडा नाही माझ्याकडे!" त्यांनी कपाळ धरलं. मग पेन उचललं. "या वयात बहुतेक बायकांना ती जागा असते. अंदाजाने गोळी चालू करतो."

रोज एक गोळी, काही वर्षं घ्यायची. सकाळच्या चहावर ती न चुकता घेई. "लागू पडता मा?" असं मला विचारी.

"पडता गे. तू आमटी बघ, उतू जाता."

वर्षभर खरंच बरं गेलं. खानावळीत दोन माणसं वाढलीसुद्धा. मग गळ्याच्या हाडावर गाठ आली आणि पाठ धरली. डॉक्टरांनी त्या गाठीचा तुकडा काढला. या वेळी तो माझ्याकडे दिला नाही, आपल्या माणसाबरोबर पाठवला.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला एकट्याला बसवलं आणि नीट सांगितलं. बाईच्या अंगात एक हॉर्मोन फिरतं. काही कॅन्सरच्या पेशींवर त्याला बसायला जागा असते. ते बसलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. गोळी ती जागा अडवते, मग हुकूम पोचत नाही. "पण यांच्या पेशींना जागाच नाही. त्या हुकमाची वाट बघत नाहीत, आपल्या आपण वाढतात, आणि झपाट्याने वाढतात. गोळी अडवणार काय?"

हे मात्र मला पुरतं समजलं. एकवीस वर्षं रंगखात्यात काढलीत मी. सुताचा रंग टेरीकॉटमधल्या टेरिनला धरत नाही, कितीही उकळा. म्हणून आधी पट्टी कापून, बुडवून बघायची, मगच लॉट आत सोडायचा. पट्टी न बघता मी कधी एक तागा सोडला नाही. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, घाई करायचा तर त्याला शिव्या घालायचो.

"आधी कळलं असतं तर?" मी विचारलं.

"तर इंजेक्शनं लगेच चालू केली असती. वाचल्या असत्या असं छातीठोक नाही सांगत. पण वर्ष फुकट गेलं नसतं."

इंजेक्शनं दिली. तीन झाली, चौथं तिला सोसवेना. केस गेले, तोंड आलं. खानावळ बंद झाली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, घरी न्या.

एका दुपारी तिने विचारलं, "गोळी येवढी घेतलंय, तरी असा कित्या झाला?"

मी सगळं सांगितलं. फणसवाडीतून परत फिरलो ते, रुमालातला दगड, बसची थाप. आणि वर म्हणालो, "तूच सांगलंस ना, पाण्यात सोडा."

"माका काय ठावक? मी आडाणी बाय," ती म्हणाली. "डॉक्टर समोर होतो. तुमी तेका एक शब्द विचारूक व्हयो होतास."

मग भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. शेजारणीने येऊन चमच्याने पाजलं. मी दारात बसून होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारीण बाजाराला गेली होती. मी चमचा पुढे केला. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. तहान लागली होती तिला. पुढचे नऊ दिवस ती माझ्याच हातून पाणी प्याली, पण बोलली नाही. दहाव्या दिवशी गेली.