गाडीच्या दाराला हात लागेपर्यंत

प्रभारी या शब्दाचा मला अजूनही राग येतो. रोह्याच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या एमएस्सीचं पदव्युत्तर केंद्र निघालं तेव्हा संस्थेने मला प्रभारी संचालक केलं. दर जूनमध्ये अध्यक्ष म्हणायचे, "सर, यंदा तुम्हाला कायम करून टाकू." आणि दर दिवाळीनंतर तो विषय पुढच्या जूनवर ढकलला जायचा. दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढे कंसात 'प्रभारी' होतं. पेंटर पाटी नव्याने रंगवायला यायचा तेव्हा नाव जेमतेम काढायचा आणि कंस चांगला ठळक.

केंद्र मी उभं केलं, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एक कंपनी बंद पडत होती. तिच्या प्रयोगशाळेतले ओटे, विषारी वाफा बाहेर ओढणारं काचेचं कपाट, काचसामान, सगळं मी घासाघीस करून आणलं. माझ्याआधी तिथे भंगारवाला पोचला होता, त्याच्याशी भांडून आणलं. विद्यापीठाची समिती तपासणीला आली तेव्हा एका सदस्याने कपाटावर बोट फिरवत विचारलं, "हे नवीन आहे का?" मी म्हटलं, "आम्हाला नवीनच आहे."

पण माझा खरा सौदा सकाळच्या बॅचचा. आमच्याकडची बरीचशी मुलं कंपनीत कामाला. रात्रपाळी सातला सुटते. त्यांच्यासाठी साडेसातपासून तास आणि रविवारी प्रॅक्टिकल, असं वेळापत्रक मी बसवलं. त्याच्या परवानगीसाठी विद्यापीठात इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला न विचारता चहा आणून द्यायला लागला. प्रवेशाच्या दिवशी मी प्रत्येकाला सांगायचो, "नोकरी सोडू नका. बॅच मी चालवतो."

घासाघीस मी आईकडून शिकलो. पेणजवळ गडबला हायवेच्या कडेला ताडपत्रीखाली ती वाल आणि तांदूळ विकायची. मुंबईची माणसं गाडी थांबवून उतरायची, भाव विचारायची, नाक मुरडून परत गाडीकडे निघायची. मी हाक मारायला उठलो की आई माझा शर्ट ओढायची. "बस खाली. त्याचा हात गाडीच्या दाराला लागल्याबगर हाक मारायची नाय." आणि हात दाराला लागला की ती अशी काही हाक घालायची की माणूस वळलाच पाहिजे. मात्र इंजिन सुरू झालं की ती तोंड फिरवायची. "तो खराच चाललाय. जाऊदे."

पुढे मी गिऱ्हाईक झालो तेव्हा हीच युक्ती उलटी वापरली. उठायचं, चालायला लागायचं. भंगारवाल्याकडे, विद्यापीठात, पेणला घर घेताना रामवाडीच्या बिल्डरकडे. प्रत्येक वेळी मागून हाक आली.

मागच्या वर्षी संस्थेने संचालकाच्या जागेची जाहिरात काढली. मी अर्ज केला, मुलाखत दिली. मग अध्यक्षांनी मला सभेत बोलावलं. हे मूळचे ठेकेदार. रस्ते आणि मोऱ्या बांधून मोठे झालेले. बोलणं नेहमी गोड.

"सर, पुण्याच्या एक मॅडम येतायत. त्यांचं संशोधन मोठं आहे, मूल्यांकनाला उपयोग होईल. तुम्ही उपसंचालक. काम तेच, डोक्याचा ताप कमी."

"ताप मला झेपतो," मी म्हणालो. "इतकी वर्षं कोणी झेपवला?"

"अहो, म्हणूनच म्हणतोय ना, तुम्ही घरचेच."

घरच्याच्या बुडाखालचा पाट काढून पाहुण्याला द्यायची रीत मला ठाऊक आहे. माझा आवाज चढला. टेबलावर हात आपटला तेव्हा कोणाच्या तरी बशीतला चहा सांडला. "संचालक करा, कंस काढून. नाहीतर हा मी निघालो."

आणि मी निघालो. दारात जरा रेंगाळलो. व्हरांड्यातल्या कूलरवर पाणी प्यायलो, तहान नसताना. जिना उतरलो. फाटकापाशी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मागून शिपायाच्या चपला वाजतील म्हणून कान तिकडेच होते. मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. बाकी काही नाही. रोहा स्टेशनवर पनवेलची गाडी लागेपर्यंत बाकावर बसलो. गाडीत बसल्यावर फोन तपासला. रेंज पूर्ण होती.

राजीनामा मी लिहून दिला नाही. रजा टाकली आणि घरी बसलो. बायको म्हणाली, "तुम्ही उठून आलात, आता कोण येणार बोलवायला?" मी म्हटलं, "येतील." मॅडम रुजू झाल्या. कोणी आलं नाही.

काही आठवड्यांनी पेणच्या एसटी स्टँडवर पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी भेटली. खाडीकाठच्या गावची, बाप मिठागरावर राबणारा, स्वतः कंपनीच्या लॅबमध्ये कंत्राटावर. एमएस्सी झाली तर कंपनी कायम करणार होती. रात्रपाळीला निघाली होती.

"सर, बरे हाव ना? आजारी नाय ना?"

"बरा आहे."

"मंग येत का नाय? सकाळची बॅच बंद होतेय. जूनपासून अकरा ते पाच. मी अकराला कशी येऊ? सारखी रात्रपाळी मागून घेतलीय मी, निजायचं कवा?"

"कोण म्हणालं बंद होतेय?"

"मॅडमच म्हणाल्या. सकाळी शिकवायला कोण तयार नाय." एसटी आली. पायरीवर चढून ती वळली. "तुम्ही सांगितलंत नोकरी सोडू नको. आता सांगा, काय सोडू?"

एसटी सुटली. मी फळं घ्यायला आलो होतो, ती न घेताच घरी गेलो. मला राग आला, आणि तो नक्की कोणाचा हे ठरवता येईना. संस्थेला धडा शिकवायला निघालो होतो. धडा भलत्याच बाकावर चालला होता.

त्यानंतरच्या शनिवारी नव्या मॅडम घरी आल्या. फोन न करता, रोह्याहून पनवेलला जाताना पेणला उतरून, रिक्षा दारात थांबवून. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, खांद्याला जड पिशवी. बायकोने चहा केला, पोह्याचे पापड तळले.

"मी स्पष्टच बोलते," त्या म्हणाल्या. "सकाळची बॅच मला चालू ठेवायची आहे. माझा विषय वेगळा, आणि मी आता पनवेलला राहते, तिथून मला ती वेळ गाठता येत नाही. बाकीचे तयार नाहीत. तुम्ही घेत असाल तर राहील. नाहीतर मला सोमवारी बंद म्हणून कळवावं लागेल."

मला वाटलं, आली हाक. मी पाय ताणून बसलो. "वेळापत्रक माझ्या हातात पाहिजे."

"घ्या."

"रविवारच्या प्रॅक्टिकलला माझी माणसं."

"चालेल."

"आणि उपसंचालक नको. सहसंचालक. पाटी तुमच्या बरोबरीने."

"पाटी संस्थेकडे आहे, सर. माझ्याकडे नाही."

"मग बोला संस्थेशी."

"बोलले. नाही म्हणाले."

"मग माझंही नाही."

त्यांनी चहा संपवला. "ठीक आहे," म्हणाल्या, आणि बायकोकडे वळून, "वहिनी, पापड फार छान होते." उठल्या. मी बघत होतो. सौदा करणारा माणूस चप्पल घालताना वेळ काढतो. पट्टा पुन्हा लावतो, भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. त्यांनी चप्पल घातली आणि गेल्या. फाटक लावून घेतलं. रिक्षाच्या दांडीला हात लागला. मी दारातच उभा. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि घड्याळ बघितलं. त्यांना पनवेलची गाडी गाठायची होती. त्या काही मागत नव्हत्या, काही ताणत नव्हत्या.

रिक्षा सुरू झाली.

इंजिन सुरू झालं की जाऊ द्यायचं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण डोळ्यांपुढे ती एसटीच्या पायरीवरून वळून विचारणारी पोरगी होती.

"अहो मॅडम! थांबा!"

रिक्षा पुढे जाऊन थांबली. त्या उतरल्या नाहीत, नुसतं मागे बघितलं. मला अनवाणी रस्त्यापर्यंत जावं लागलं. समोरचे शेजारी गाडी धुवायचं थांबवून बघत होते.

"घेतो मी बॅच," मी म्हणालो.

"सोमवारपासून? सातला?"

"सात नाही. पाळी सातला सुटते. साडेसात."

"साडेसात," त्या म्हणाल्या, आणि रिक्षा गेली.

सोमवारी पहाटेच निघालो. संचालकांच्या दाराला मॅडमच्या नावाची पाटी होती, कंस नव्हता. मी तिथून मान वळवून पुढे गेलो, अजूनही तसाच जातो. पहिल्या बाकावर ती मुलगी कंपनीच्या निळ्या शर्टातच बसली होती. मला बघून वही उघडली.

जुलैत एका सकाळी अध्यक्ष नव्या इमारतीचं काम बघायला लवकर आले होते. व्हरांड्यात गाठ पडली. बरोबर दोन इंजिनीयर होते, तास सुरू होईल म्हणून वर्गाच्या दारात मुलं उभी होती.

"काय सर!" ते मोठ्याने म्हणाले. "शेवटी हाक न मारताच आलात की. त्या दिवशी मी खिडकीतूनच बघत होतो. नाडी सोडून परत बांधलीत ना?"

इंजिनीयर हसले. माझ्या कानशिलातून वाफ निघाली. तोंडाशी आलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. चाळीस वर्षं मोऱ्या बांधलेला माणूस. दाराला हात कधी लागतो, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने बघितलं होतं आणि मुद्दाम हाक मारली नव्हती.

मी पिशवी खाली ठेवली. एक पाऊल पुढे टाकलं.

"सर," मागून तीच मुलगी म्हणाली, "चला ना. मागचे पेंगाय लागलेत. मंग कोण उठवल त्यांना?"

अध्यक्ष हसतच होते. मी पिशवी उचलली, वर्गात गेलो आणि दार लावून घेतलं. फळ्यावर पहिली अभिक्रिया लिहिताना खडू मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. पोरं खाली मान घालून उतरवून घेत होती. तिसऱ्या खडूने अभिक्रिया पुरी केली.