पटाच्या जोडीमागे गवताचं मशीन

गवत कापायच्या मशीनवर बसून शंकरपट धावलेली समुद्रपूर तालुक्यातली मी एकमेव बाई आहे. (शंकरपट म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यती. त्या दिवशी दुसरी जोडी धावत नव्हती, त्यामुळे पहिला नंबरही माझाच.) हे मी अभिमानानं नाही, संतापानं सांगते आहे. कारण गेली चार वर्षं गावात ही गोष्ट चुकीची सांगितली जाते. लोक म्हणतात, काकूचे बैल उधळले. बैल अजिबात उधळले नव्हते. बैल अगदी शिकवल्यासारखे वागले. तिथं न शिकलेलं एकच जनावर होतं आणि ते मशीनच्या सीटवर बसलं होतं.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी लहानच, अक्कल यायची होती.

आमचं नाल्याच्या पलीकडे बीड आहे, म्हणजे नुसतं गवतासाठी राखलेलं रान. गावचा नियम असा की दिवाळीच्या पाडव्याला, गायगोधनाच्या दिवशी, सगळी बीडं गावच्या गुरांना मोकळी करायची. त्याआधी कापलं ते तुमचं, उभं राहिलं ते गावाचं. आमच्या चार गाई आणि दोन म्हशींचा उन्हाळा त्या गवतावर निघतो. आणि नेमकं त्याच पंधरवड्यात सोयाबीन निघतं, कापूस फुटतो आणि कापणाऱ्या बायका देवासारख्या होतात. म्हणजे दिसत नाहीत.

बायकांच्या टोळीची पुढारी सखू. मी तिच्या दारात गेले.

"काकू, कापूस वेचू का गवत कापू? कापूस थांबते का?"

"मंग गवत थांबते का व?"

"थे त उभंच हाय," सखू म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्या संतापात मी घरी आले तर नातीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा परदेशातला एक म्हातारा. पुढे हत्तीएवढे दोन घोडे, मागे दोन चाकांचं मशीन, त्यावर हा बसून शीळ घालतोय आणि गवत आपोआप आडवं होतंय. इंजिन नाही, धूर नाही. घोडे चालले की चाक फिरतं, चाक फिरलं की पातं चालतं. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला आणि अकराव्या वेळी मला त्या घोड्यांच्या जागी पाखऱ्या आणि लखन दिसले.

पाखऱ्या आणि लखन ही माझ्या धाकट्या दिरांची, नामदेवभाऊजींची, पटाची, गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी. भाऊजींचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. आमचं दूध डेअरीला जायचं, मी सकाळी बिनदुधाचा चहा प्यायचे आणि भिंतीपलीकडे त्या दोघांना दूध, कणकेचे गोळे, गूळ, सरकीची ढेप. त्यांना अंघोळ. त्यांच्या पायांना तेलाचं मालीश. माझे गुडघे सहा महिने दुखत होते, मालीश सोडा, कोणी 'दुखतात का' म्हणूनही विचारलं नव्हतं. आणि एवढं खाऊन काम काय? वर्षातून चार-पाच वेळा धावायचं, तेही दर वेळी काही सेकंद. माझ्या डोक्यात अन्याय शिजत होता आणि त्याला फोडणी त्या परदेशी म्हाताऱ्यानं दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवराबायको जामला गेलो. हायवेच्या कडेला अवजारांचं दुकान आहे, तिथं मशीनची रांगच लावलेली होती. खांद्यावर अडकवायचं, ढकलत न्यायचं, ट्रॅक्टरमागे लावायचं, आणि अगदी कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक बैलांनी ओढायचं. आमच्या ह्यांचा जीव खांद्यावरच्या पेट्रोलवाल्या मशीनवर.

"हे घेऊ," हे म्हणाले. "हलकं हाय."

"चालवून पाहा," मी म्हटलं.

दुकानदारानं मशीन यांच्या खांद्यावर अडकवून दोरी ओढली. मशीन असं थरथरलं की यांच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा थेट दुकानदाराच्या शर्टावर. चष्मा एका कानावर लोंबला. दुकानासमोरच्या झेंडूच्या कुंडीतली दोन झाडं गेली. मशीन बंद झालं तरी हे हलतच होते.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"ब-ब-बरं हाय," हे म्हणाले.

मी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवलं. दुकानदाराचा चेहरा उजळला. नवीन बनावटीचं मशीन होतं, हलकी दांडी, चाकाला गिअर, बाजूला हातभर लांब दातेरी पातं, पातं वर उचलायला लिव्हर, आणि बसायला चकचकीत लोखंडी सीट. ती सीट पाहून मी अर्धी घायाळ झाले. (खरं सांगते, अर्ध्याहून जास्त.)

"बैल जोरात चालले त?" मी विचारलं.

"जेवढं चाक जोरात, तेवढं पातं जोरात. पण काकू, याले जोडी शांत पायजे. तुमची कशी हाय?"

"गाईहून गरीब," मी म्हटलं.

हे खोकले. मी त्यांच्या पाठीवर जरा जोरातच थापटलं.

पाडव्याला तीन दिवस उरले होते. भाऊजी सासुरवाडीला आर्वीला गेले होते. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर बैल नेले असते तर ते बरं दिसलं नसतं.

"मी या मशीनवर बसत नाई," यांनी बीडात पोचल्यावर जाहीर केलं.

"तुमाले कोण बसवून राह्यलं? मी बसतो." (आमच्याकडे बायाही 'बसतो'च म्हणतात. त्या दिवशी तर मी सगळ्या अर्थानं पुरुषार्थ करायला निघाले होते.)

जोडी जुंपली. गरीब गाईसारखीच उभी राहिली, शपथ. मी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि सीटवर चढले. समोर पाहिलं तर नुसतं छातीएवढं गवत. पहिली पट्टी वाकडी गेली तर सगळंच वाकडं जाणार. पेरणीत पहिलं तास सरळ निघावं म्हणून आम्ही समोरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माणूस उभा करतो आणि त्याच्यावर नजर ठेवून जोडी हाकतो. मी यांना तसंच पाठवलं.

"दिसून राह्यलो का?" पलीकडून हे ओरडले.

"डोक्शावरचं कापड वर करा, नुसतं गवतच दिसते."

यांनी डोक्याचा लाल शेला सोडला आणि हात उंच करून धरला. पाखऱ्याचे कान ताठ झाले. लखननं एक पाय पुढे टाकला. मला वाटलं, वा, कामाची किती आवड.

"आता?"

"दिसलं. करा खाली."

यांनी शेला सर्रकन खाली केला.

आता ज्यांनी पट पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, पटात समोर झेंडी वर धरतात आणि ती खाली पडली की जोडी सुटते. चौसष्ट वर्षं मी पटाच्या गावात काढली होती. माहेरही पटाचं. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात सरळ रेषा होती, बैलांच्या डोक्यात झेंडी.

पुढचं मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं, कारण डोळे मिटले होते. चाकं गरजली, पातं किंचाळलं, आणि त्याहून मोठ्यानं कोणीतरी बाई किंचाळत होती. ती मी होते हे मला नंतर सांगण्यात आलं. डोळे उघडले तेव्हा समोर हे उभे. मग दिसेनासे झाले. (बोराच्या झुडपात उडी घेतली होती. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी काही चटकन केलं असेल तर ते हेच.) लिव्हर ओढायची आठवण झाली तोवर लिव्हर कुठं आहे ते विसरले. धुरा आला. बैल धुऱ्यावरून गेले, मशीन धुऱ्यावरून गेलं, मी मात्र सीटपासून वीतभर वरून गेले. मग शेजाऱ्याची तूर. त्यातून एक पट्टी काढून आम्ही पलीकडे निघालो, जिथं भाऊजी रोज सकाळी जोडीचा सराव घेतात. तिथं टोकाला, जिथं त्यांना रोज गूळ मिळतो, अगदी त्याच जागेवर पाखऱ्या आणि लखन थांबले. मान वळवून माझ्याकडे पाहायला लागले. गूळ मागत होते.

एवढं मात्र मान्य करा, मागे वळून पाहिलं तेव्हा बीडाच्या मधोमध गवताची एक पट्टी पडली होती आणि ती दोरीसारखी सरळ होती. आमच्या घराण्यात इतकं सरळ तास कोणी काढलेलं नाही.

बाजूच्या वावरात सखू आणि तिच्या आठ बायका कापूस वेचत होत्या. त्या धावत आल्या. मला वाटलं, मला उतरवायला.

"बैलाले लागलं का पाह्य व," सखू म्हणाली.

नऊ जणी बैलांभोवती. मी सीटवर, लोखंडाला धरून, तशीच. तेवढ्यात हे आले, अंगभर काटे. त्यांनीही आधी पाखऱ्याचे चारही पाय दाबून पाहिले, मग लखनचे, आणि मग मला म्हणाले, "उतर आता, काऊन बसून राह्यली?"

बैलांना खरचटलंही नव्हतं. मशीनचं पातं धुऱ्याच्या दगडावर आपटून वाकलं होतं. जामच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, दिवाळी झाल्यावर पाहू. मग म्हणाला, "जोडी कशी हाय, मी इचारलंतं काकू." दुपारी आर्वीहून भाऊजींचा फोन. गावानं कळवलंच होतं. मला वाटलं, आता बोलणी खायची.

"वयनी," भाऊजी म्हणाले, "टाइम किती आला?"

माझी विचारपूस त्यांनीही केली नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

पण खरा प्रश्न गवताचा होता. सगळं बीड उभं, मधोमध एक भांग पाडलेला, आणि पाडव्याला दोन दिवस. सहा जनावरं उन्हाळ्यात काय माझी शहाणपणाची भाषणं खाणार होती? संध्याकाळी मी पुन्हा सखूच्या दारात गेले. गुडघे तर दुखतच होते, आता त्यांच्यावरचं सगळंच दुखत होतं.

सखू पदर तोंडाला लावून बसली होती. खांदे हलत होते.

"हासू नको, सखू. माह्या जनावराईचा सवाल हाय."

"येतो काकू. सगळ्या येतो. कापूस दोन दिवस राहीन."

"त्या दिशी त थांबत नव्हता."

"तवा आमाले काय मालूम होतं? पण तुमी वावरात बसून सांगा लागते. नारळ फोडला तिथून. आमी निस्ता शेवट पाह्यला."

मला संताप आला. चांगला आला. चौसष्ट वर्षांच्या बाईनं आपली फजिती स्वतःच्या तोंडानं, गवताच्या भाऱ्यावर बसून, नऊ जणींना सांगायची? मी सहा जनावरांची तोंडं आठवली आणि हो म्हटलं.

सकाळी विळे घेऊन आल्या. मी सांगायला लागले आणि लगेच ध्यानात आलं की गोष्ट रंगली की विळे थांबतात. मग मी शहाणी झाले. यांनी शेला वर केला, एवढं सांगून गप्प बसले.

"मंग?"

"थो पळसापर्यंतचा तुकडा करा. मंग सांगतो."

पळसापर्यंतचा तुकडा इतक्या वेगात झाला की पाखऱ्या-लखनलाही जमला नसता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेवटचा भारा बांधला. पाडव्याला गावची गुरं बीडात शिरली, त्यांना नुसती खुंटं मिळाली.

तेव्हापासून दरवर्षी सखूची टोळी न बोलावता येते, अट तीच. मशीन गोठ्यात उभं आहे, सीटवर कोंबडी बसते. आणि मी दरवर्षी सांगते, थोडं थोडं वाढवत. यंदा तर गवत संपलं आणि मी अजून धुऱ्याच्या अलीकडेच होते. बायका विळे टेकवून बसून राहिल्या, उठेनात. शेवटी शेजाऱ्याचंही बीड कापायला घेतलं, तेव्हा कुठं मी तुरीत पोचले. ज्या बीडातून मी एका दमात पार झाले होते, त्याच बीडातून जायला मला आता तीन दिवस लागतात. वय झालं, दुसरं काय.