आमच्या बंद घरातला खोकला

मालवणच्या किनाऱ्यावर राहून ज्याला जन्मात एकदाही भूत दिसलं नाही, असा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे आतोबा, आतेचे यजमान. आमच्या गावात प्रत्येकाकडे, अगदी शाळेतल्या मास्तरांकडेही, स्वतःचं असं एखादं भूत होतं. आतोबांकडे नुसती कारणं होती. पन्नास-साठच्या त्या सालांत गावात वीज नव्हती. दिवे मालवले की घरं बोलायला लागत, आणि ज्याचं घर रात्री बोललं तो माणूस सकाळी पेजेच्या वेळी आतोबांच्या घरापुढच्या खळ्यात हजर होई. आतोबा आधी विडी पेटवत आणि मग त्याला तो आवाज तोंडानं काढून दाखवायला लावत. भल्याभल्या इभ्रतदार माणसांना मी तिथे 'टक्... टक्... खर्रर्र' करताना पाहिलं आहे. एवढं झालं की आतोबा म्हणत, "कौलां ती. दिसभर वतात तापतत आणि रातीक थंड जाताना आकसतत. तू दिसभर राबान रातीक आंग मोडतस, तेव्हा तुका कोण भूत म्हणता?"

या नादापायी ते कुणाच्या घरी धड बसत नसत. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर सगळा वेळ नजर छपराकडे. निघताना मुलीच्या बापाला म्हणाले, "चेडू बरा आसा, पण तुमच्या आढ्याक भुंगो लागलो आसा." बिचाऱ्यानं लग्नाआधी आढं बदलून घेतलं. एका दुकानदाराच्या माळ्यावर रोज रात्री कुणीतरी गोट्या खेळत असे. भुतं उतरवणारा घाडी आला, गाऱ्हाणं झालं, कोंबडा कापला. आतोबांनी रस्सा दोनदा मागून घेतला, हात धुतले आणि माळ्याला शिडी लावली. खाली आले ते उंदरांनी बिळाकडे लोटत नेलेल्या सुपाऱ्या ओंजळीत घेऊन. "आदी सांगलंय नाय," ते म्हणाले, "कोंबड्याचो रस्सो चुकलो असतो."

आमचं घर म्हणजे आतेचं माहेर, त्याच गावातल्या वरच्या वाडीत. आजी-आजोबा गेले, वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे घर उघडायचं ते गणपतीतच. एरवी आते मागल्या दारानं आत जाऊन रोज सांजवात लावी. मग तीही गेली. पुढच्या वर्षी गावचा एक शेजारी मुंबईला आला आणि सांगू लागला, की तुमच्या बंद घरात रात्री कोणीतरी चालतं, खोकतं, कौलांतून धूर येतो. देवचारच तो, गावाची राखण करत रात्री फिरणारा. या शेजाऱ्याची बायको रोज तिन्हीसांजा आमच्या उंबऱ्यावर देवचारासाठी विड्या ठेवी, आणि सकाळी त्या नसत. झालं, गावात आमच्या घराची झाडलोट करायलाही कुणी तयार होईना. वडिलांनी घर विकायचं ठरवलं. मला फार वाईट वाटलं, पण माझं कोण ऐकतो?

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन पडवीत बसलं. वडिलांनी आतोबांनाही बोलावून घेतलं होतं.

"भावजी, ह्या आवाजाचा कारण तुमी सांगा. नायतर मी सौदो करतंय."

आतोबांना जन्मात पहिल्यांदाच कारण सांगता येईना. छपराकडे बघून झालं, खांब चाचपून झाला, घाम पुसून झाला. तेवढ्यात शेजारीण आली आणि नेहमीसारख्या उंबऱ्यावर विड्या ठेवून हात जोडू लागली. आतोबांचा हात सवयीनं तिकडे गेला, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांनी देवचाराची विडी पेटवली.

"म्हणजे वर्सभर देवचार समजान मी तुमकाच विडये ठेवलंय?" शेजारीण किंचाळली.

"बरे होते गो," आतोबा मान खाली घालून म्हणाले.

मग एकेक बाहेर आलं. आतेकडच्या चावीनं मागलं दार उघडून ते रोज अंधार पडल्यावर आत येत, चूल पेटवून वाशांना धूर देत आणि तिथेच झोपत. पहाटे आपल्या घरी.

"माका एक शब्द कित्याक नाय इचारलास?" वडिलांनी विचारलं.

"खंयच्या तोंडान इचारू? बायल गेली. आता ह्या घराशी माझा नाता काय?" आतोबांनी विडी विझवली. "जाताना ती म्हणाली, माझ्या माहेराक वाळवी लागाक दिव नकात."

वडिलांनी गिऱ्हाइकाला चहा देऊन परत पाठवलं. मग पुढच्या दाराची चावी आतोबांच्या हातात ठेवून म्हणाले, "भावजी, उद्यापासून पुढल्या दारान येवा. आणि खोकाचा आसात तर मोठ्यान खोका."

आतोबा ते अक्षरशः पाळत. पाणंदीच्या तोंडापासूनच त्यांचा खोकला सुरू होई म्हणे. मुंबईच्या आमच्या खोलीत वडील रात्री दिवा मालवताना म्हणत, "भावजी आता येवन निजले असतले," आणि मग आम्हीही निवांत झोपत असू. आता वडील नाहीत, आतोबाही नाहीत. चावी माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा जाऊन मी चूल पेटवतो, वासे अजून चांगले आहेत. पण त्या घरात रात्री कोणी खोकत नाही, आणि मला काही केल्या झोप लागत नाही.