देवयानीच्या नावाची दुकानं

दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत देवयानी सबनीस शिवायला बसली, तेव्हा ब्रँड वगैरे काही तिच्या डोक्यात नव्हतं. सरकारी नोकरीतल्या तिच्या आईला, शालिनीताईंना, खोल खिशांचा कुर्ता कुठे मिळत नव्हता; तो तिने शिवून दिला, गळ्याशी खणाची पट्टी लावून. आईच्या ऑफिसातल्या बायकांनी तसेच मागितले, मग त्यांच्या बहिणींनी, जावांनी. नवऱ्याने, सुजयने, फोटो नेटवर टाकले आणि बघता बघता फरीदाबादला शेड घ्यावी लागली. कपड्यांवर नाव लागलं ‘देवयानी’.

पुढे एका मोठ्या कंपनीने ब्रँड विकत घेतला. नावासकट. देवयानी मुख्य डिझायनर म्हणून राहिली, दुकानं मॉलमॉलमध्ये निघाली आणि तिच्या हातातली कात्री सुटली. सकाळपासून मीटिंगा. खणाच्या जागी छापील कापड आलं, त्यावर ती भांडली. खिसे काढायचं ठरलं, तेव्हा भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दिवाळीत आईने नवा कुर्ता घातला, मोबाइल ठेवायला हात खाली नेला आणि तसाच वर घेतला. “छान आहे हं,” ती म्हणाली. देवयानी स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच उभी राहिली.

राजीनामा द्यायचा तर करारानुसार स्वतःच्या नावाने पुन्हा कपडे विकता येणार नव्हते. तिने सुजयला विचारलं, तर तो म्हणाला, “नाव राहू दे त्यांच्याकडे. तू घरी ये.”

ती आली. कित्येक दिवस नुसती झोपली. मग एका शिवणकाम संस्थेत शिकवायला लागली. तिथे ती फक्त सबनीस मॅम.

परवा वर्गातली एक मुलगी नवाकोरा ‘देवयानी’ कुर्ता घालून आली. “मॅम, इनका काम देखा है आपने?”

“हां, देखा है,” देवयानी म्हणाली. मग मुलीला हात वर करायला लावून काखेशी मुंढा कुठे ओढतोय ते तिने सगळ्यांना दाखवलं, आणि खडूने तिथे खूण केली. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पाय मात्र भरून आले होते. मेट्रोत बसायला जागा मिळाली तर बरं, एवढंच मनात आलं.