माठवाले मास्तर

सुगरण बाई जशी वासावरून फोडणी ओळखते, तसे आमचे माठवाले मास्तर खत ओळखत. बुऱ्हाणपुरात त्यांच्या घरामागच्या परसात तीन माठ अर्धे जमिनीत पुरलेले होते. शेण, गोमूत्र, सरकीची पेंड, केळीच्या खुंटाचे तुकडे आणि गुळाचा खडा, एवढं सगळं त्यांत पाणी घालून आंबत पडलेलं असे. शाळेत जायच्या आधी मास्तर धोतर खोचून माठावर ओणवे होत, फडकं बाजूला करत आणि डोळे मिटून छातीभर वास घेत. त्या सुमाराला सगळी गल्ली आपापल्या खिडक्या लावून घेई.

मी तहसील कचेरीत नवा कारकून होतो आणि त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत एकटा राहत होतो. नाक धरून परसातून जायला लागलो की मास्तर मला थांबवत. "नाकाला झोंबतं तोवर ते जहर आहे, बाबू. ताकासारखा आंबूस वास सुटला की दवा झाली." पिकलेलं पाणी चौपट पाण्यात मिसळून झाडांना चाले. कच्चं मात्र तसं घातलं तर मुळं जाळून टाकी. मी एकदा विचारलं, की सरळ दिवस मोजून का काढत नाही? तर म्हणाले, "तुम्ही कचेरीवाले तारीख पाहू राहिले. माठाला तारीख कळत नाही."

हा सगळा खटाटोप त्यांना हौस होती म्हणून नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा नऊ वर्षांचा होऊन पटकीनं गेला होता, आणि त्या दिवशी तो बाजारातून आणलेली भाजी जेवला होता. तेव्हापासून मास्तरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, बाजारच्या भाजीला हात लावला नाही. ताटात परसातली भाजी दिसली तरच त्या जेवत, नाहीतर ताट सारून देत आणि मग दिवसदिवस उपाशी राहत. मी पाहिल्या तेव्हा त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि मागच्या ओसरीत खाटेवर बसून असत. भाजी मात्र स्वतः निवडत. मास्तरांच्या त्या हातभर वाफ्यांवर त्यांचा जीव तगून होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून माठांच्या वासाबद्दल तोंडावर कुणी बोलत नसे.

त्या वर्षी पावसाळ्यात मास्तरांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण त्यांना कशाचाच वास येईनासा झाला. उदबत्तीचा येईना, रॉकेलचा येईना. माठावर वाकून ते वेड्यासारखे हुंगत आणि तसेच उठत. शेवटी एक दिवस माझ्या दारात आले. एवढा मानी माणूस, पण खाली बघत म्हणाले, "बाबू, रोज सकाळी जरा सुंघून सांगशील का?" मी हो म्हटलं. पहिले काही दिवस खरंच वाकून, ओकारी दाबून सांगत राहिलो.

त्याच साली राज्यांची नवी वाटणी झाली. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि कचेरीत याद्यांचं सत्र सुरू झालं. कोण मुंबई राज्यात जाणार, कोण इथेच राहणार, याशिवाय कुणाला दुसरं काही सुचत नव्हतं. मास्तरांच्या शाळेतही मराठीचे वर्ग राहतात की जातात याचा घोळ होता. मास्तर म्हणत, "नागपूर असो की भोपाळ, परसातला पालक तर पेंडच मागतो."

आमची यादी लागायची होती त्या सकाळी मी धुतलेले कपडे घालून घाईनं निघालो होतो. मास्तर माठापाशी उभे होते. मी दोन हातांवरूनच मान पुढे केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "झालंय, मास्तर." माझं नाव मुंबई राज्यात, अकोल्याच्या बाजूला लागलं होतं. त्या आनंदात मी संध्याकाळी पेढे वाटले. मास्तरांनी तोवर पालक, मेथी, वांगी, सगळ्यांना चौपटीचं पाणी घातलं होतं.

चार दिवसांत परस पिवळं पडलं. मास्तर हातात उपटलेलं रोप घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "माझंच चुकलं, पाणी कमी पडलं." मी गप्प राहिलो. आज इतक्या वर्षांनीही त्या गप्प राहण्याची मला शरम वाटते.

काकूंनी दोन दिवस ताट परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी मास्तरांना परसात बसलेलं पाहिलं. बाजारातून आणलेल्या मेथीची जुडी सोडून ते एकेक काडी मुळासकट वाफ्यात खोचत होते. उजाडल्यावर त्यांनी खाटेवरून काकूंना दिसेल अशी ती मेथी उपटली आणि त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. काकू जेवल्या. मग हे रोजचंच झालं.

एकदा मास्तर शाळेत गेले असताना काकूंनी मला जवळ बोलावलं. निवडायला घेतलेल्या मेथीची मुळं त्यांनी माझ्या तळहातावर झटकली. "ही तापीची रेती आहे रे. आपल्या परसात रेती कुठून येईल? मले सगळं समजतं." मग काड्या खुडत म्हणाल्या, "घास गिळताना मुलगाच दिसतो. पण ते पहाटे थंडीत एवढं करू राहिले, तर नाही कसं म्हणू? त्यांना सांगू नको."

माघात काकूंचं पोट बिघडल्याचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच उरलं नव्हतं, भाजीशी याचा संबंध नाही. मास्तरांच्या कानात ते शिरलं नाही. माठ तसेच उघडे पडले आणि त्यात अळ्या झाल्या.

महिन्याभरात माझा हुकूम आला. मास्तर स्टेशनवर पोचवायला आले. मी डब्यात बसलो तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "मी तिला फसवून बाजारचं खाऊ घातलं, बाबू. वर जाऊन पोराला काय तोंड दाखवू?" ते ऐकवेना. सांगू नको असं काकूंनी बजावलं होतं, तरी मी बोललो. म्हटलं, "तुम्ही फसवलं नाही, मास्तर. काकूंना पहिल्यापासून माहीत होतं. समजून उमजून खात होत्या त्या." त्यांच्या जिवावरचं ओझं उतरेल, असं मला वाटलं होतं.

शिट्टी झाली तेव्हा मास्तरांनी खिडकीचा गज धरला. "म्हणजे रोज भीत भीत जेवू राहिली होती का रे ती?"

गाडी हलली. मास्तर गज सोडायचं विसरून चार पावलं चालत आले आणि मग थांबले. यादीच्या त्या सकाळी माठावर मी वाकलोच नव्हतो, हे सांगायचं राहूनच गेलं.